बातमी सांगणारा माणूस

७ जून २०२२ रोजी प्रदीप भिडे यांच्या निधनाचे वृत्त आले. त्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ चर्चच्या ओट्यावर बसले होते. ते सहज बोलून गेले, "फादर, आपल्या घरातला माणूस गेला." ह्या गृहस्थांनी भिडे यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांचे गाव कोणते, त्यांना मुलेबाळे किती, हेही त्यांना ठाऊक नव्हते. परंतु सुमारे चार दशके हा माणूस सायंकाळी त्यांच्या घरात येत होता, बातम्या सांगून नमस्कार करीत होता आणि निघून जात होता. एवढ्या ओळखीवर त्यांनी त्याला घरातला म्हटले. हे नाते नेमके कशाचे होते, ते कसे जुळले आणि पुढे त्याचे काय झाले, ह्याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात आहे. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या बातमीपत्रापासून आजच्या वृत्तवाहिन्यांपर्यंत मराठी बातमी सांगणारा माणूस कसकसा बदलत गेला, ह्याचा हा एक धावता आढावा.

आकाशवाणीची परंपरा

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोगादाखल झाला. दुसरे केंद्र मुंबईला मिळण्यासाठी तेरा वर्षे जावी लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथून मुंबई केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे हे कार्यक्रम पुण्यालाही दिसू लागले. त्या काळी दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संघटना झाली. म्हणूनच पडद्यावरील बातम्यांनी आपली रीतभात आकाशवाणीकडून घेतली, ह्यात नवल नाही.

ही रीत काय होती? पुणे आकाशवाणीवरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना सुधा नरवणे यांचा आवाज आठवत असेल. वृत्तनिवेदक तेथे ‘मी’ म्हणत नसे. स्वतःचे नाव तो तिऱ्हाइताचे असावे तसे उच्चारी आणि अमुक अमुक बातम्या देत आहेत, असे सांगून मजकुराकडे वळे. ह्यात विनय होता आणि एक भूमिकाही होती. बातमी निवेदकाची नव्हे, निवेदक बातमीचा, असे त्या भूमिकेचे सार सांगता येईल.

पडद्यावर चेहरा आला, तरी आरंभी ही भूमिका बदलली नाही. मुंबई केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे ओळखले जातात. त्यांच्यामागोमाग भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील, चारुशीला पटवर्धन, प्रदीप भिडे अशी नावे मराठी घराघरांत पोहोचली. ह्यांतील अनेकांची मूळ ओळख वेगळीच होती. भक्ती बर्वे रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे साहित्यिक. स्मिता पाटील तर नुकत्याच महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडत होत्या. घरून जीन्समध्ये यायचे, त्यावरच साडी नेसून कॅमेऱ्यापुढे बसायचे, ही त्यांची आठवण आजही सांगितली जाते. पडद्यावर बातम्या वाचताना श्याम बेनेगल यांनी त्यांना पाहिले आणि १९७५ साली त्या चित्रपटात आल्या. वृत्तनिवेदनाच्या खुर्चीने हिंदी-मराठी चित्रपटांना दिलेली ही देणगी म्हणावी लागेल.

बातमीपत्राची घडणही आजच्याहून फार निराळी होती. बातम्या लिहिणारे वेगळे, वाचणारे वेगळे. वृत्तविभागातील अधिकारी मजकूर सिद्ध करीत. निवेदकाच्या हाती टंकलिखित कागद पडत. दृश्ये सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर टिपली जात. ती फिल्म धुवायची, कापायची, जोडायची आणि मगच दाखवायची. साहजिकच बहुतेक बातम्यांना दृश्य नसे. पडद्यावर असे तो फक्त माणूस. तो कागदाकडे पाही, मान वर करून आपल्याकडे पाही, पुन्हा कागदाकडे वळे. ह्या खालीवर होणाऱ्या नजरेत प्रेक्षकाला एक क्षण मिळत असे. ऐकलेले मनात उतरायला तो पुरेसा होता.

कौलारू घरावरचा अँटेना

आमच्या वसईच्या पट्ट्यात दूरचित्रवाणी संच आला तो आधी एखाद्या नोकरदाराच्या वा बागायतदाराच्या घरी. कौलारू छपरावर उंच बांबूला अँटेना बांधायचा, त्याचे तोंड दक्षिणेला मुंबईकडे करायचे आणि वाऱ्याने तो फिरला की एकाने वर चढून खालच्याला विचारत राहायचे, हा आमच्या बालपणीचा नित्याचा खेळ. सायंकाळची रोझरी आटोपली की शेजारपाजारची मुले त्या घरच्या ओसरीवर जमत. आम्हांला ओढ कार्यक्रमांची असे. मोठ्यांसाठी बातम्या महत्त्वाच्या असत. बातम्या चालू असताना बोलायचे नाही, हा नियम त्या घरात कोणी लिहून लावला नव्हता, तरी तो कोणी मोडल्याचे आम्हांला स्मरत नाही.

त्या बातम्यांनी आम्हांला आणखी एक गोष्ट दिली. आमच्या भागात घरोघरी सामवेदी किंवा वाडवळी बोली. प्रमाण मराठी म्हणजे शाळेतल्या गुरुजींची आणि पुस्तकातली भाषा. ती सहज, न अडखळता, रोजच्या व्यवहाराबद्दल बोलली जाते हे आम्ही प्रथम ऐकले ते वृत्तनिवेदकांच्या तोंडून. पुढे सेमिनरीत असताना वाचनाचा सराव करून घेणारे एक वडीलधारे फादर आम्हांला म्हणत, "सायंकाळी बातम्या ऐका. वाक्य कोठे तोडायचे, ‘न’ आणि ‘ण’ कसे वेगळे ठेवायचे आणि मजकुराच्या पुढे स्वतः कसे धावायचे नाही, हे त्यांच्याकडून शिका."

आणि ते आणखी एक गोष्ट सांगत. निवेदकाकडून कधी शब्द चुकला, आकडा उलटा वाचला गेला, तर तो तेथेच थांबे, ‘क्षमस्व’ म्हणे आणि ते वाक्य पुन्हा नीट वाची. लाखो लोकांसमोर, त्याच श्वासात, त्याच आवाजात चूक दुरुस्त होई. आमचे फादर म्हणत, "चूक कोणाचीही होते, ‘क्षमस्व’ म्हणणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात." ते वृद्ध गृहस्थ ज्याला घरातला माणूस म्हणाले, त्या नात्याचे मूळ आम्हांला ह्या एका शब्दात दिसते.

संयमाची किंमत

परंतु येथेच थांबून त्या काळाचे गोडवे गाणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. निवेदक आपल्या उच्चाराची चूक दुरुस्त करी. कागदावरील मजकुराची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ पर्यंत ती राहिली. ह्या काळात तीच स्वच्छ वाणी, तोच शांत चेहरा, तेच नेटके ‘नमस्कार’ सरकारी प्रचाराच्या सेवेला जुंपले गेले. कोण तुरुंगात आहे, वृत्तपत्रांत काय छापू दिले जात नाही, हे त्या वाणीतून कधीच ऐकू आले नाही. १९७७ साली नव्या सरकारने माध्यमांच्या ह्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. वर्गीज समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन यांना स्वायत्तता द्यावी, असा अहवाल दिला. प्रसार भारतीचा कायदा संमत व्हायला १९९० उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. एका शिफारशीला प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली.

३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस आमच्या पिढीला विसरता येणार नाही. सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. बी.बी.सी.वरून त्यांच्या मृत्यूची बातमी काही तासांत जगभर पसरली. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती सांगितली तेव्हा संध्याकाळ झाली होती. आपल्या पंतप्रधानांच्या मृत्यूची बातमी परदेशी रेडिओवरून कळावी, ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागून राहिली. दंगलीच्या बातम्यांतही समाजांची नावे न घेता दोन गटांत वा दोन जमातींत चकमक झाल्याचे सांगण्याची पद्धत होती. त्यामागचा हेतू चांगला होता. आग भडकू नये हाच तो होता. परंतु डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा न सांगितलेली नावे अफवांनी भरून काढली, हेही आम्ही पाहिले. संयम हा गुण खरा. पण सत्याची हमी म्हणून तो पुरेसा पडत नाही.

स्थानिक म्हणजे कोठचे?

१९८२ साली रंगीत चित्र आले, आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ साली तर काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. ह्या विस्ताराचा एक विचित्र परिणाम असा झाला की नव्या प्रक्षेपकांपैकी बहुतेक दिल्लीचाच कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन पुढे पाठवीत. महाराष्ट्रातील कित्येक गावांना दूरचित्रवाणी मिळाली, पण मुंबईची मराठी बातमी मिळाली नाही. त्यांना दिल्लीचे हवामान कळे; आपल्या तालुक्यातील धरणाचे पाणी कळत नसे. प्रादेशिक उपग्रह-सेवांनी हळूहळू ही उणीव भरून काढली. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली आणि २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले.

दरम्यान १९९१ च्या आखाती युद्धाने आणि पाठोपाठ आलेल्या परदेशी व खाजगी वाहिन्यांनी गल्लोगल्ली केबलच्या तारा ओढल्या होत्या. ह्या तारांवरून एक लहानसा, आज विस्मृतीत गेलेला प्रयोग झाला. शहरांतील आणि उपनगरांतील केबलचालक आपल्या भागापुरत्या बातम्या दाखवू लागले. एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर पडदा लावलेला, समोर एक दिवा आणि महाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याची बातमी वाचते आहे! उच्चार कच्चे, चित्र हलते, मधेच आवाज गायब. तरीही आपल्या बाजारपेठेतील रस्ता, आपल्या शाळेचा निकाल आणि आपल्या समुद्रकिनाऱ्यावरची रेतीउपसा पडद्यावर पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग. ती वाचणारी मुलगी दुसऱ्या दिवशी बाजारात भेटे आणि कालची बातमी चुकली असेल, तर भाजीवालीही तिला अडवून तसे सांगे. ‘क्षमस्व’ म्हणण्याची सोय तेथे रस्त्यावरच होती!

‘मी’चा उदय

१९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ई टीव्ही मराठी आणि २००७-०८ च्या सुमारास झी २४ तास, स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा), आयबीएन लोकमत अशा चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. दिवसातून ठरावीक वेळी येणारी बातमी आता दिवसभर वाहू लागली. लिहिणारा आणि वाचणारा ह्यांच्यातील भिंत पडली. निवेदक पत्रकार झाला, पत्रकार निवेदक झाला आणि त्याला नाव मिळाले ‘अँकर’.

ह्या बदलात मिळाले ते थोडे नव्हते. मंत्र्याला समोर बसवून उलट प्रश्न विचारता येऊ लागला. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग येथील वार्ताहर आपापल्या हेलात थेट बोलू लागले. प्रमाण उच्चाराच्या चाळणीत जे आवाज पूर्वी गळून गेले असते, ते आता घरात आले. बोलीभाषेत वाढलेल्या आम्हांला ह्याचे अप्रूप अधिक. तरुण मुली पुराच्या पाण्यात, मोर्च्यांत आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर माईक घेऊन उभ्या राहिल्या. प्रश्न विचारण्याची किंमतही काहींना मोजावी लागली. २० नोव्हेंबर २००९ रोजी राजकीय कार्यकर्त्यांनी आयबीएन लोकमतच्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांवर हल्ला केला. कागद वाचून नमस्कार करणाऱ्या निवेदकावर असा प्रसंग येण्याचे कारण नव्हते.

भाषेत झालेला बदल तर अभ्यासण्यासारखा आहे. आकाशवाणीचा निवेदक स्वतःला तृतीय पुरुषी संबोधी. दूरदर्शनचा निवेदक प्रेक्षकांना ‘आपण’ म्हणे. आता अँकर वार्ताहराला ‘तू’ म्हणू लागला आणि प्रेक्षक त्यांच्यातील संवाद शेजारच्या खोलीतून ऐकावा तसा ऐकू लागला. २०१९ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सत्ताकारणाची रोज नवी उलथापालथ होत असताना ‘काय सांगशील ज्ञानदा?’ हा एका वाहिनीवरील प्रश्न महाराष्ट्रभर विनोदाने म्हटला गेला, तो ह्या नव्या जवळिकीमुळेच. ह्या सलगीत गोडवा आहे. पण हळूहळू बातमी मागे राहिली आणि सांगणाऱ्याचा राग, हसू, भुवई पुढे आली. चर्चेला बोलावलेल्या पाहुण्यांपेक्षा यजमानच अधिक बोलू लागला.

२६ ते २९ नोव्हेंबर २००८ ह्या दिवसांत मुंबईवरील हल्ल्याचे जे थेट चित्रण झाले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात कठोर शब्दांत ताशेरे ओढले. सुरक्षा दलांच्या हालचाली पडद्यावर दिसत होत्या आणि हल्लेखोरांचे सूत्रधार त्या दूरवर बसून पाहू शकत होते. अखेर २०१५ साली नियम करून अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करावे लागले. २०२० च्या ऑक्टोबरात प्रेक्षकसंख्येच्या मोजणीतील गैरप्रकारांचे प्रकरण मुंबईत बाहेर आले. तेव्हा वृत्तवाहिन्यांचे टीआरपी प्रसिद्ध करणे थांबवण्यात आले, ते २०२२ च्या मार्चपर्यंत. पूर्वी कागदावर सरकारची सावली होती. आता आकड्यांची आहे. सावली बदलली, एवढेच.

दुरुस्ती कोणी करायची?

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या भागातील एक पूल वाहून गेल्याची पट्टी एका वाहिनीच्या पडद्याखालून सरकू लागली. पलीकडच्या शाळेत गावची मुले अडकलेली. चर्चच्या दूरध्वनीची घंटा थांबेना. एक माउली तर भर पावसात अनवाणी धावत आली. आम्ही दोन तरुणांना घेऊन गेलो, तो पूल आपल्या जागी उभा! वरून गुडघाभर पाणी जात होते, इतकेच. घरी येऊन पाहतो तर ती पट्टी नाहीशी झालेली, तिच्या जागी दुसरी. बातमी चुकीची होती, असे कोणी म्हटले नाही. म्हणणार तरी कोण? ती पट्टी कोणाच्याच तोंडची नव्हती. त्या माउलीच्या पायाला काच लागून झालेली जखम मात्र खरी होती.

आणि आता तर मुखवट्यामागे माणूसच नसण्याचे दिवस आले आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये ओडिशातील ओटीव्ही ह्या वाहिनीने ‘लिसा’ नावाची यंत्रनिर्मित वृत्तनिवेदिका पडद्यावर आणली. २६ मे २०२४ रोजी खुद्द दूरदर्शनच्या किसान वाहिनीने ‘एआय क्रिश’ आणि ‘एआय भूमी’ असे दोन निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे त्या वेळी सांगण्यात आले. ह्या निवेदकांची जीभ अडखळत नाही, त्यांना खोकला येत नाही, रजा लागत नाही. ‘न’ आणि ‘ण’ त्यांना शिकवता येईल. शेतकऱ्याला त्याच्या बोलीत पावसाचा अंदाज कळणार असेल, तर ह्या साधनाला नावे ठेवण्याचे आम्हांला कारण नाही. पण अंदाज चुकला, तर ‘क्षमस्व’ कोण म्हणणार?

ह्या पन्नासहून अधिक वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना आम्हांला असे वाटते की जुना निवेदक आणि नवा अँकर ह्या दोघांजवळ अर्धी अर्धी गोष्ट आहे. एकाला चूक कबूल करण्याची सवय होती, पण मजकुरावर त्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्याला मजकुरावर अधिकार मिळाला, पण कबुलीची सवय त्याने सोडून दिली. ह्या दोन अर्ध्या गोष्टी एका माणसात एकत्र येतील, तेव्हा मराठी बातमीला तिचा खरा निवेदक मिळेल. आजही असे काही तरुण वार्ताहर आहेत, जे चुकल्यावर तसे सांगतात. त्यांना प्रेक्षक कमी मिळत असतील. पण आम्ही त्यांची वाट पाहतो.

आमच्या त्या वृद्ध गृहस्थांनाही आम्ही हेच विचारले होते, "भिडे यांचे तुम्हांला काय आवडायचे?" ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "ते सांगून झाल्यावर थांबायचे, फादर."